चार माणसांचे नंबर

जानेवारीत मी बाथरूममध्ये पडलो. आधी बादली गेली, मग टमरेल, आणि त्यांच्या मागोमाग मी, असं सगळं शिस्तीत झालं. कंबर अशी धरली की पाय हलेना. दिल्लीची थंडी, ओली फरशी, आणि अंगावर साबण सोडून दुसरं काही नाही.

माणूस पडला की ओरडतो. मी ओरडलो नाही. कारण टॉवेल खुंटीवर होता आणि खुंटी लांब होती. म्हटलं, आधी टॉवेल, मग मदत. उघड्या अंगानं कुणाच्या हाती सापडण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात आलं, आणि ते जवळजवळ खरं होत आलं होतं. टमरेलानं नेम धरून टॉवेल पाडायला मला दीड तास लागला. गावाकडे चिंचा पाडायचो तेव्हा माझा नेम बरा होता.

टॉवेल गुंडाळला आणि मग ओरडलो. कुणी आलं नाही. मुनिरकातली आमची बिल्डिंग पाच मजली, मजल्यावर तीन-तीन खोल्या, सगळी शिकणारी पोरं. प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं. मी मराठीत ओरडलो, हिंदीत ओरडलो, शेवटी लाज सोडून "चोर, चोर" म्हणून ओरडलो. चोर म्हटल्यावर तर जी दोन-तीन दारं उघडी होती तीही लागल्याचा आवाज आला.

शेवटी आली ती वरच्या मजल्यावरची मराठी मुलगी, आणि तीही भांडायला. पडताना नळ चालू राहिला होता, गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती, आणि तिच्या केसांत शॅम्पू होता. माझं बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"काका, टाकी काय तुमच्या एकट्याची आहे?" ती खोलीतून ओरडली.

"बाळ, टाकीचं नंतर बोलू. टॉवेल आहे अंगावर. ये आत."

तिनं घरमालकाला बोलावलं. घरमालक म्हणजे इथला जुना जाट, सगळे त्याला ताऊ म्हणतात. दोघांनी मला बटाट्याच्या पोत्यासारखं उचलून खाटेवर टाकलं. हाड मोडलं नव्हतं, नस धरली होती. ताऊ म्हणाला, "रे मराठे, मरना है तो बता के मर. कमरा खाली रहेगा तो मन्ने भी पता होना चाहिए."

इथपर्यंत ठीक होतं. पण त्या मुलीनं माझा फोन घेतला, त्यात 'मुलगी पुणे' शोधलं, आणि सगळं सांगून टाकलं. टॉवेलसकट.

माझी मुलगी रडली नाही. रडली असती तर मी जिंकलो असतो. ती आपल्या आईवर गेली आहे, चिडली की आवाज खाली येतो.

"बाबा, सामान भरा. पुण्याला यायचं."

"मला इथं काय कमी आहे?"

"तीन तास पडला होतात."

"दीड तास टॉवेलमध्ये गेला. तो धरू नकोस."

पुण्याला मी जाऊन आलोय. मुलगी चांगली, जावई सोन्यासारखा. अकराव्या मजल्यावर फ्लॅट. सकाळी नऊला सगळे बाहेर पडतात, नातवंडं शाळेतून परस्पर क्लासला. संध्याकाळी सातपर्यंत मी आणि एक माशांची पेटी. मासे पाच होते. एक महिना मी त्यांच्याशी बोललो, त्यांतला एक मेला. मुलगी म्हणाली, जास्त खायला घातलंत. मला वाटतं कंटाळून मेला. स्वयंपाकघरात मला जाऊ देत नाहीत, कारण मी दीडशे माणसांच्या अंदाजानं फोडणी करतो आणि घरातला धुराचा भोंगा वाजतो. मग तिथं मी करू काय? एकटाच राहायचं तर स्वतःच्या शेगडीपाशी राहीन. चौतीस वर्षं दिल्लीत काढली, त्यातली बरीचशी कस्तुरबा गांधी मार्गावर एका सरकारी गेस्ट हाऊसच्या किचनमध्ये. बायको इथंच गेली. मी जाणार नाही म्हणजे नाही.

हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मग चार माणसं दाखवा."

"कसली चार?"

"दिल्लीतली. तुम्ही फोन उचलला नाहीत तर मी ज्यांना फोन करीन आणि जे उठून येतील अशी. चार नंबर. पाडव्यापर्यंत. नाहीतर मी येते, आणि परतीची दोन तिकिटं काढूनच येते."

"चारच का?"

"तीन कमी वाटतात आणि पाच तुम्हाला जमणार नाहीत."

मी हसलो. चार तर शेवटी लागतातच, म्हटलं, आत्ताच जमवून ठेवू. मग फोन उघडून बसलो. दोनशेवर नंबर होते. गॅसवाला. पनीरवाला. पनीरवाला नवा. पत्रावळी. एक नुसताच 'मिशी'. कोण मिशी, आठवेना. लावून पाहिला तर पलीकडून बाई बोलली. चौतीस वर्षं लोकांना जेवू घातलं, आणि उठून येईल असा त्यात एक नंबर नव्हता.

वरच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी आमटी पाठवली, वाटीभर. दोन दिवसांनी ती वाटी घेऊन दारात उभी. वाटी घासलेली, पण चेहरा पडलेला.

"काका, आई म्हणते रिकामी वाटी परत द्यायची नसते. पण माझ्याकडे साखरसुद्धा नाही. नूडल्सच्या मसाल्याचं पाकीट आहे."

"राहू दे ते. तू करतेस काय गं दिवसभर? खाली उतरलेली दिसत नाहीस."

"पीएचडी. जुन्या कादंबऱ्यांमधला एकटेपणा."

मी चौथीत तीन वर्षं बसलेला माणूस. मला वाटलं चेष्टा करतेय. "एकटेपणावर पीएचडी? अगं मग पुस्तकं कशाला वाचतेस? खाली येऊन माझा इंटरव्ह्यू घे."

ती हसली नाही. म्हणाली, "साखरेच्या ऐवजी गोष्ट चालेल?"

तेव्हापासून ते सुरू झालं. मी वाटी पाठवायची, तिनं वाटीबरोबर गोष्ट आणायची. कुठल्या कुठल्या देशातली जुनी पुस्तकं. बर्फात राहणारी माणसं, बेटावर राहणारी माणसं, मोठ्या हवेलीत राहून खिडकीतून बघणारी माणसं. एक बाई दिवसभर चिठ्ठ्या लिहायची आणि पोस्टात टाकायची नाही. एक म्हातारा रोज दोघांचा चहा करायचा आणि दोन्ही कप स्वतः प्यायचा. मी म्हटलं, हे मी पण करतो, पण माझ्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही, उलट डॉक्टरनं चहा बंद केला.

पण एक गोष्ट मला टोचायची. सहा-सात गोष्टी झाल्यावर मी विचारलंच.

"ह्यातला एकही जण शेजारचं दार का वाजवत नाही?"

ती म्हणाली, "काका, वाजवलं तर पुस्तक दहाव्या पानावर संपेल."

"संपू दे की. माणूस वाचला ना."

"मग ते क्लासिक होत नाही."

"अच्छा. म्हणजे क्लासिक व्हायला बाथरूममध्येच पडून राहावं लागतं."

ह्या वेळी ती हसली. मग म्हणाली की ती स्वतः आठ दिवसांत बिल्डिंगीबाहेर पडली नव्हती. गाईडचे फोन उचलत नव्हती, कारण शेवटचं प्रकरण लिहून होत नव्हतं. एकटेपणातून माणूस बाहेर कसा पडतो, असं ते प्रकरण होतं. पुस्तकांत कुणीच पडत नव्हतं.

मी म्हटलं, "तुझं प्रकरण राहू दे, आधी तुझा नंबर दे. माझ्या पोरीला चार पाहिजेत." तिनं दिला. एक झाली.

दुसरा ताऊ. त्याच्याकडे गेलो तर तो दारात हुक्का घेऊन बसलेला. म्हटलं, "ताऊ, मैं गिर जाऊँ तो आओगे?"

"पिछली बार कौन आया था? तेरी नानी?"

"मतलब आपका नंबर बेटी को दे दूँ?"

"दे दे. और उससे बोल, बाप को कुछ खिलाया कर. उठाया तो हड्डी ही हड्डी थी." हे मला, स्वयंपाक्याला.

दोन झाले, आणि मग गाडी अडली. पार्कात सकाळी हसण्याचा क्लब असतो, तिथं गेलो. सगळ्यांनी एकदम हात वर करून हसायचं असतं. मला त्यांचं हसणं बघून खरंच हसू आलं आणि थांबेना. त्यांचे सर म्हणाले, अंकल, आप डिसिप्लिन तोड़ रहे हो. तीन दिवसांत बाहेर. गुडगावला एक पुण्याचं जोडपं आहे, दोघं आयटीत, त्यांच्या बाळाच्या बारशाला मी जेवण केलं होतं. त्यांना फोन केला. "काका, बिल्कुल! कधीही कॉल करा," म्हणाले. खात्री करायला दुसऱ्या दिवशी केला, मीटिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी केला, मीटिंगमध्ये. चौथ्या दिवशी मेसेज आला, अर्जंट आहे का? मी बाथरूममधून काय उत्तर पाठवणार होतो? सोडून दिलं.

खरं म्हणजे तिसरा माणूस मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. नाव घ्यायची हिंमत नव्हती. मला ढकललं ते त्या मुलीच्या एका गोष्टीनं.

दोन भाऊ, म्हणाली, नदीच्या दोन काठांवर राहतात. काहीतरी भांडण झालेलं. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं यावं. रोज संध्याकाळी दोघं दिवा लावतात, एकमेकांचा दिवा बघतात आणि झोपतात. तीस वर्षं. मग एका संध्याकाळी पलीकडे दिवा लागत नाही.

मी विचारलं, "होडी कुणाकडे होती?"

"दोघांकडे."

वाटी माझ्या हातातच राहिली. ती गेल्यावर मी मळलेली कणीक तशीच टाकून बसलो. मला माझा जोडीदार दिसत होता.

जोडीदार म्हणजे माझ्या कामातला जोडीदार. गेस्ट हाऊसमध्ये आम्ही दोघं एकत्र, आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामंही एकत्र. दिल्लीतल्या मराठी लोकांची मुंज, बारसं, गणपती, कुठंही जोडी पाहिजेच. त्याच्या हाताला चव, माझ्या तोंडाला. तो स्वयंपाक करायचा, मी लोकांना हसवायचो, आणि लोकांना वाटायचं जेवण दोघांनी केलंय.

अकरा वर्षांपूर्वी एका कॉलनीतल्या गणपतीचं जेवण आमच्याकडे होतं. दीडशे पान. नैवेद्याच्या स्वयंपाकाचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, देवाला दाखवल्याशिवाय कुणी चाखायचं नाही. आचाऱ्यानंही नाही. म्हणून आमची पद्धत अशी की ज्यानं मीठ टाकलं त्यानं मोठ्यानं सांगायचं, "मीठ पडलं!" म्हणजे दुसरा टाकत नाही. त्या दिवशी अळूच्या भाजीत त्यानं मीठ टाकलं आणि ओरडला. मी ऐकलं. 'हो' पण म्हटलं. पण मी मोदक वळणाऱ्या बायकांना एक चुटका सांगत होतो, आणि चुटका अगदी शेवटाला आला होता. बायका हसल्या, मी खूश झालो, भाजीपाशी आलो आणि खुशीत तेवढंच मीठ परत टाकलं. ढवळताना आठवलं. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आरतीची घंटा वाजली.

पानं वाढली. पहिल्या घासाला अख्खी पंगत थांबली. तुम्ही कधी दीडशे माणसं एकदम पाण्याचा पेला उचलताना पाहिली आहेत? मी पाहिली आहेत. कॉलनीचे सेक्रेटरी आत आले आणि म्हणाले, कुणी केलं हे? आणि मी, जो कधी एक मिनिट गप्प बसत नाही, तो मी म्हणालो, "ह्यानं मीठ टाकल्याचं सांगितलंच नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. झारा खाली ठेवला, पंचा झटकला आणि चालता झाला. मराठी लोक दिल्लीत मोजके, गोष्ट आठ दिवसांत सगळीकडे. त्याला बाहेरची कामं मिळेनाशी झाली. नंतर त्यानं गेस्ट हाऊसही सोडलं. करोल बागेत मोटारींच्या सीट कव्हरच्या दुकानात बसतो, असं ऐकलं. मी त्याचा नंबर पुसून टाकला, म्हणजे चुकून लागायला नको.

आता गेलो. मेट्रोत दोनदा गाडी बदलली आणि वाटेत भाषण पाठ केलं. दुकानाशी पोचलो तर तो समोरच, गळ्यात माप घ्यायची पट्टी, केस सगळे पांढरे. त्यानं मला ओळखलं. ओळखलं हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्याला कळलं. आणि तो मला हिंदीत म्हणाला, "हाँ जी, कौन सी गाड़ी?"

माझं भाषण गेलं. मी म्हणालो, "सफेद."

"छोटी या बड़ी?"

"मझली."

त्यानं अर्धा तास मला सीट कव्हरं दाखवली. काळी, चॉकलेटी, बदामी. मी प्रत्येकाला हात लावून "अच्छा, अच्छा" म्हणत होतो. शेवटी बदामी रंगाचं पाच सीटचं कव्हर घेऊन घरी आलो. माझ्याकडे सायकलसुद्धा नाही.

वरच्या मुलीनं ते पाहिलं आणि जिन्यात बसून पोट धरून हसली. मग म्हणाली, "काका, पुस्तकातला माणूस आता परत जात नाही. घरी बसून कव्हराकडे बघत राहतो. दोनशे पानं."

"मी उद्या जातोय," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मालक होता, दोन सरदारजी गिऱ्हाइकं होती. मी विचार केला, ज्याचं नाव चारचौघांत घालवलं त्याला कोपऱ्यात घेऊन माफी मागायची नाही. तिथंच मोठ्यानं म्हणालो, मराठीत, "मीठ मी टाकलं. तू ओरडला होतास. मी ऐकलं होतं, हो पण म्हटलं होतं. तरी टाकलं, आणि नाव तुझं घेतलं."

सरदारजी माझ्याकडे बघायला लागले. मालकानं विचारलं, "क्या बोल रहे हैं?"

जोडीदार पट्टी गुंडाळत म्हणाला, "कुछ नहीं. कवर चेंज कराने आए हैं. चेंज नहीं होगा."

घरी आलो. त्या दिवशी ना वाटी पाठवली, ना स्वतः जेवलो. पाडवा दहा दिवसांवर आला होता. मुलीचा फोन आला, "किती झाले?" म्हटलं, "अडीच." ती म्हणाली, "अर्धा माणूस कसा येणार बाबा?"

तिसऱ्यांदा गेलो. ह्या वेळी काहीच पाठ केलं नाही, नुसता दुकानासमोर उभा राहिलो. तासाभरानं तो बाहेर आला, माझ्याकडे न बघता टपरीवर गेला आणि दोन चहा सांगितले. आम्ही उभ्या उभ्या प्यायलो. गर्दी इतकी की धक्क्यांनी अर्धा चहा माझ्या शर्टावर.

"अकरा वर्षं लागली?" तो म्हणाला. मराठीत म्हणाला.

"मी अभ्यासात कच्चा. चौथीला पण तीन वर्षं लागली."

"चुटके नको सांगूस."

गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या सांगण्यावरून.

मग तोच म्हणाला, "माझी बायको गेली तेव्हा तू आला नाहीस."

"मला कळलं होतं. तोंड नव्हतं यायला." मग मीही म्हणालो, "माझी गेली तेव्हा तू तरी कुठं आलास?"

त्यानं कप खाली ठेवला. "आलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. तिरडी निघेपर्यंत उभा होतो. पुढं आलो नाही."

मी रुमाल काढला आणि शर्टावरचा चहा पुसायला लागलो, जो केव्हाच वाळला होता.

"नंबर दे तुझा," मी म्हणालो. "पोरगी मला पुण्याला न्यायला बसलीय. म्हणते, पडलात तर येतील अशी माणसं दाखवा."

"नंबर तोच आहे. पुसला तू असशील."

"येशील?"

"येईन. पण आधी हसेन पोटभर, मग उचलेन."

तीन झाले. पाडव्याच्या आधी मुलीला कळवलं. ती म्हणाली, "वरची मुलगी पीएचडी झाली की जाणार. तेव्हा दोनच. आणि मी चार सांगितले होते." पाडवा झाला. पुढच्या रविवारचं तिचं येण्याचं तिकीट निघालं, आणि सोमवारचं परतीचं, दोघांचं. मी म्हटलं, तू ये, मी जेवायला करतो, पण दुसऱ्या तिकिटावर तुझी बॅग बसव. मी हलणार नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी कुरडया घालायला घेतल्या होत्या. मुलगी येणार, आणि तिला लहानपणापासून कुरडई म्हणजे जीव की प्राण. आमच्या गच्चीवर ऊन येत नाही, समोर सात मजले चढलेत. पण मुनिरकात गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, एक पाय टाकला की माणूस दुसऱ्याच्या बिल्डिंगीत. मी तिकडे गेलो. कुरडया घातल्या, माकडं येऊ नयेत म्हणून काठी घेऊन बसलो, डोक्यावर छत्री धरली, आणि झोपलो. फोन खोलीत चार्जिंगला. खोलीचं दार ओढलं की आपोआप लागणारं. ते कुलूप मीच बसवलं होतं, पडल्यानंतर, म्हणजे मी अंघोळीत असताना परत कुणी आत यायला नको. अशी माझी अक्कल. किल्ली खिशात.

मुलीनं गाडीची वेळ सांगायला फोन केला. नऊ वेळा केला. मग तिनं यादी काढली.

मला जाग आली ती आमच्या जिन्यातल्या आरडाओरड्यानं. मी काठी घेऊन खाली धावलो, म्हटलं चोर आला. खाली बघतो तर माझ्याच दारापुढं गर्दी. ताऊ जुन्या किल्लीनं दाराशी झटतोय आणि मला शिव्या देतोय. वरची मुलगी दाराला कान लावून रडतेय, कारण आत फोन वाजतोय आणि कुणी उचलत नाही. जोडीदार करोल बागेहून आलेला, गळ्यात पट्टी तशीच, धापा टाकत एका चावीवाल्याला सांगतोय, "तोड़ दो, भैया, तोड़ दो, अंदर आदमी है." आणि तेवढ्यात चावीवाल्यानं कुलूप तोडलं.

मी मागून म्हणालो, "क्या हुआ? कौन है अंदर?"

चौघांनी वळून पाहिलं. माझ्या एका हातात काठी, एका हातात छत्री.

पहिला हात उचलला तो जोडीदारानं. खरंच मारतो की काय म्हणून मी छत्री उघडली. त्यानं छत्रीसकट मला धरलं आणि सोडलं नाही. "मेला नाहीस तू," म्हणाला. "मेला नाहीस ना?"

"नाही रे. कुरडया घालत होतो."

"मग मला कशाला पळवलंस, गाढवा?" आणि मग तो हसायला लागला. आधी हसेन, मग उचलेन, असं ठरलं होतं, पण त्याचा क्रम चुकला. तो हसत होता आणि नाक पुसत होता.

आत फोन पुन्हा वाजला. वरच्या मुलीनं उचलला, व्हिडिओ लावला आणि सगळ्यांवर फिरवला. माझ्या मुलीचा आवाज अगदी खाली गेलेला.

"कोण कोण आलंय?"

मी ओळीनं दाखवले. ताऊ. वरची. जोडीदार.

"आणि तो चौथा कोण?"

"तो चावीवाला. कुलूप तोडायला आणला."

तिनं चावीवाल्याला नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "त्याचाही नंबर पाठवा." आणि थोड्या वेळानं, "सोमवारचं एक तिकीट रद्द करते. माझं ठेवते. पण रविवारी हे सगळे जेवायला पाहिजेत."

त्या दिवशी तर मी सगळ्यांना तिथंच बसवलं. पिठलं-भात केला, चावीवाल्यालाही वाढला. वरची मुलगी जेवता जेवता एकदम उठली आणि वर गेली. मला वाटलं तिखट लागलं. संध्याकाळी कळलं, तिनं गाईडला फोन केला होता. प्रकरणाचं काय झालं, मी विचारलं नाही. वाटी मात्र तिनं अजून दिलेली नाही, म्हणजे काहीतरी लिहीत असेल.

चावीवाल्यानं नवीन कुलूप बसवलं, तसंच आपोआप लागणारं, आणि तीन किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी एक ताऊला दिली, एक वरच्या मुलीला, एक जोडीदाराला. तिघांनी घेतल्या. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरडया उलटायला म्हणून फोन घेऊन बाहेर पडलो आणि दार ओढलं. ते लागलं. तेव्हा लक्षात आलं की स्वतःला मी किल्ली ठेवलीच नाही.

पायरीवर बसलो. ताऊ खाली हुक्का ओढत होता, त्याच्याकडे एक किल्ली. वर मुलीच्या खोलीत दिवा दिसत होता, तिच्याकडे एक. मी फोन काढला आणि करोल बागेला लावला.